दार न वाजवणारी वसाहत

सोमवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी सुतार अकरा नंबरच्या दारापुढे गुडघे टेकून बसला होता. दार उघडं होतं आणि वाऱ्याने मिटू नये म्हणून खाली पाचर ठोकलेली होती. त्याच्या ओठांत तीन स्क्रू होते. जुनं कुलूप निघालं होतं, पण नवं त्या खाचेत मावत नव्हतं. दोन्ही बाजूंनी गव्हाच्या दाण्याएवढं लाकूड काढायला हवं होतं. तो पटाशीने ते काढत होता, घाई न करता, कारण घाईत फुटलेली फळी पुन्हा सांधत नाही.

"चहा टाकू का?" आतून घरमालकिणीने विचारलं.

"हं," सुतार स्क्रूंच्या आडून म्हणाला.

"साखर?"

"हं."

"हं म्हणजे घालू की नको?"

त्याने स्क्रू तळहातावर काढले. "वहिनी, एकतीस वर्षं तुमच्याकडे चहा पितोय. आज साखर विचारता?"

"आता दाराला कुलूप लागतंय. म्हणजे तू पाहुणा झालास. पाहुण्याला विचारावं लागतं."

ती हसली, तोही हसला आणि पुन्हा पटाशीकडे वळला. वहिनी काय बोलून गेली ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही. हातात काम असलं की त्याला बाकीचं उशिरा ऐकू येतं, असं त्याची बायको म्हणते.

वसाहतीत चव्वेचाळीस घरं आहेत. सगळी एकाच नकाशाची: पुढे दोन पायऱ्या, डाव्या हाताला स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर. ती सरकारनेच बांधून दिली. त्या वेळी सरकारला या उघड्या पठारावर माणसं हवी होती. सीमेजवळची जमीन रिकामी ठेवायची नाही, असं वरच्या खुर्चीतल्या कोणीतरी ठरवलं होतं. घर फुकट, जमीन फुकट, पाच वर्षं पाणी फुकट म्हटल्यावर ज्यांचं दुसरीकडे फारसं काही अडकलेलं नव्हतं ती माणसं आली. जमीन अगदीच रिकामी होती असंही नाही. उताराला एक बांधीव विहीर होती आणि तिच्याभोवती चार-पाच घरांचे उखडलेले पाये. ती विहीर कोणी खणली, हे वसाहतीत कोणी कधी विचारलं नाही. आता वरच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं होतं. करार झाला होता, नकाशावरची रेघ सरकली होती आणि पठार पलीकडच्यांना परत जाणार होतं. वसाहतीने गुरुवारी दुपारी बारापर्यंत घरं सोडायची. नाही सोडली तर पोलीस उचलून नेतील.

कुलपांची गोष्ट अशी, की घरं बांधणाऱ्या ठेकेदाराने ती घाऊक घेतली होती आणि सगळी एका साच्यातली निघाली. कोणत्याही घराची किल्ली कोणत्याही दाराला लागायची. पहिल्याच महिन्यात टँकर चालवणारा रात्रपाळी करून आला, झोपेच्या तारेत शेजारच्या घरात शिरला, झाकून ठेवलेलं जेवण जेवला आणि आडवा झाला. सकाळी शेजाऱ्याने त्याला चहा देऊन उठवलं आणि म्हणाला, "तुझी बायको तुला हुडकतेय. आणि माझी विचारतेय, जेवण आवडलं का?" तेव्हा ही भानगड उघडकीला आली. कुलपं बदलायची असं लगेच ठरलं, मग पुढच्या महिन्यावर गेलं, आणि मग बदलली नाहीत ती नाहीतच.

तशातून वसाहतीला एक सवय लागली. तिथे कोणी दार वाजवत नाही. किल्ली फिरवायची आणि आत जायचं. पावसाचं चिन्ह दिसलं की जो घरी असेल तो चार घरचे कपडे आत घेतो. मीठ संपलं तर शेजारच्या डब्यातलं आणायचं, सांगायची गरज नाही. नव्या सुना पहिले दोन महिने दचकायच्या, मग त्यांनाही वळण लागायचं. दार वाजलं तर समजायचं, बाहेरचा माणूस आहे किंवा वाईट बातमी आहे. आणि बहुतेक वेळा दोन्ही असायचं.

ही सवय गेल्या आठवड्यात अंगाशी आली. नोटीस घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला कोणी दाद दिली नाही, तेव्हा त्याने खिशातून किल्ली काढली आणि सरळ मास्तरांच्या घरात गेला. मास्तर म्हणजे वसाहतीच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि आता बचाव समितीचे अध्यक्ष. ते दाढी करत होते.

"तुम्ही आत कसे आलात?" मास्तरांनी फेसाळल्या तोंडाने विचारलं.

"किल्लीने."

"किल्ली कोणी दिली?"

"ऑफिसातच आहे सर. पहिल्यापासून."

अधिकाऱ्याने नोटीस टेबलावर ठेवली, नमस्कार केला आणि जाताना दार नीट ओढून घेतलं. हे शेवटचं मास्तरांच्या जास्त जिव्हारी लागलं. रविवारच्या सभेत त्यांनी हा प्रसंग सांगितला तेव्हा लोक आधी खो खो हसले आणि मग त्यांचे हात आपापल्या किल्लीकडे गेले. एकतीस वर्षं चव्वेचाळीस घरांत अदृश्य असा एक पंचेचाळिसावा राहत होता, हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं.

ठराव झाला. दारांची कुलपं बदलायची, प्रत्येकाचं वेगळं. पुढच्या खिडक्यांवर फळ्या ठोकायच्या. कोणी दार वाजवलं तर उघडायचं नाही, आवाज द्यायचा नाही, कपाट दाराला लावून आत बसून राहायचं. सुताराने बाकीच्यांबरोबर हात वर केला. हात वर करताना तो मनात खाचांची मापं घेत होता.

त्याला कोणी विचारलं असतं, की बाबा, तू का राहतोयस, तर त्याने मास्तरांसारखं मातीचं आणि घामाचं सांगितलं नसतं. तो राहत होता आईसाठी.

आईला एक्क्याऐंशीवं लागलं आहे. चार वर्षांपूर्वी तिच्या आठवणींचा चिरा निखळायला लागला. आधी नावं गेली, मग वार, मग घरं. आपलं घर कोणतं हे तिला सांगता येईना. शहरातल्या डॉक्टरने बजावलं, की यांना एकटं सोडू नका, बाहेरून कडी लावा, नाहीतर एखाद्या संस्थेत ठेवा. सुतार दिवसभर कामावर, बायको ढोबळी मिरचीच्या पॅकिंग शेडमध्ये, मुलगी लग्न होऊन दूर. कडी लावायला त्याचा हात धजला नाही. आणि वसाहतीत त्याची गरजही पडली नाही.

आई सकाळी गळ्यातल्या दोरीला बांधलेली किल्ली घेऊन निघायची. जे दार आवडेल ते उघडायची. आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालायची, शेंगा सोलायची, पाळण्यातल्या पोराला झोका द्यायची आणि दमली की तिथल्याच खाटेवर पडायची. तिच्या लेखी ती प्रत्येक वेळी आपल्याच घरी असायची. वसाहतीने तिचं नाव ठेवलं होतं 'गस्त'.

"आज गस्त कुठपर्यंत आली?" सुतार संध्याकाळी विचारायचा.

"सव्वीसमध्ये आहे. माझं कपाट आवरून ठेवलंय. आता महिनाभर मला काही सापडणार नाही," टँकरवाल्याची बायको म्हणायची. मग अंधार पडायच्या आत कोणीतरी तिला हाताला धरून घरी आणून सोडायचं. कधी कोणी उपकार म्हणून बोललं नाही. संध्याकाळी दिवे लावावेत तितक्या सहज ते व्हायचं.

कधी तिला मुलगा ओळखू यायचा नाही. "तू सुतार ना?" ती त्याच्या हातांकडे बघून विचारायची.

"हो."

"माझा मुलगाही सुतारच आहे. पण तो तुझ्यापेक्षा बारीक आहे."

"आता मीही बारीक होतो, आजी."

"जेव आधी. बारीक नंतर हो."

अशी म्हातारी घेऊन शहरात दोन खोल्यांत जायचं म्हणजे कडी आलीच. हे त्याने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण त्याच्या मनाचा खुंटा तिथे घट्ट रोवलेला होता. पाण्याच्या टाकीजवळ सरकारने तंबू ठोकला होता. जे बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत नाव नोंदवतील त्यांना गावातल्या एका बंद पडलेल्या वसतिगृहात एकाच मजल्यावर खोल्या मिळतील, पोलिसांनी उचललेल्यांना जिथे जागा असेल तिथे, असं तंबूवरच्या फलकावर लिहिलं होतं. चौदा घरांनी गुपचूप नावं दिली होती. त्यांना वसाहतीत 'उतारू' म्हणत. सुतारही म्हणायचा.

सोमवार मावळेपर्यंत निम्मी वसाहत झाली. मंगळवारी सकाळी त्याने खिडक्या घेतल्या. फळी धरायची, चार खिळे, पुढची खिडकी. फटी राहू नयेत म्हणून त्याने फळ्या कडेला कड भिडवून ठोकल्या. आतल्यांना बाहेरचं काही दिसेनासं झालं, पण काम पक्कं झालं. स्वतःच्या घराचं कुलूप त्याने शेवटी ठेवलं होतं, सुताराचं दार नेहमीच शेवटी. त्यामुळे आई सकाळी रोजच्यासारखी निघून गेली. दुपारी तो मागच्या आळीत ड्रिल चालवत होता. आई मनात आली तेव्हा त्याने नेहमीचंच म्हटलं, असेल कोणाकडे तरी.

पुढच्या आळीत काय घडलं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

आईने सतरा नंबरच्या दाराला किल्ली घातली. किल्ली आत गेली, पण फिरेना. तिने ती काढली, पदराला पुसली, पुन्हा घातली. मग अठराला गेली. मग एकोणीसला. चौथ्या दाराशी तिने जे केलं ते तिने या वसाहतीत कधी केलेलं नव्हतं. तिने दार वाजवलं. आणि ते कसं वाजवावं हे ती विसरली असावी, किंवा सवयच नसावी. उघड्या तळहाताने, पूर्ण ताकदीनिशी, भिंत पाडावी तसं.

आत मास्तरांची चुलतबहीण होती. तिने फोनवर वसाहतीच्या ग्रुपमध्ये लिहिलं, "आले." पुढच्या दारावर तोच आवाज. "आमच्याकडेही." मग तिसरं. खिडक्यांवर फळ्या होत्या. गेटबाहेर पोलिसांच्या गाडीवरचा भोंगा दर थोड्या वेळाने तीच सूचना वाचत होता, त्यात म्हातारीची हाक बुडून गेली. आतल्या माणसांनी ठरल्याप्रमाणे पोरांच्या तोंडांवर हात ठेवले आणि कपाटं दाराला लावली. आळीतली सगळी दारं एकामागून एक वाजली, आणि वसाहतीत दार वाजण्याचा अर्थ जो होता तोच सगळ्यांनी घेतला. कोणी उघडलं नाही. शिस्त चोख पाळली गेली. मास्तरांना असं एकदिलाने वागणं शाळेतही कधी जमवता आलं नव्हतं.

चारच्या सुमाराला सुताराची बायको शेडमधून परतत होती. आळीच्या टोकाला शेवटच्या घराच्या पायरीवर सासू बसलेली दिसली. चप्पल एका पायात. ओठ कोरडे पडलेले, दोन्ही तळहात लालभडक, आणि ऊन थेट अंगावर. बायकोने दार वाजवलं नाही. तिने रस्त्याच्या मधोमध उभं राहून आरोळी ठोकली.

"अरे, मेलात का सगळे? माझी सासू उन्हात मरतेय!"

आवाज ओळखीचा निघाला. आत कपाटं सरकल्याचे आवाज आले, एक, मग चार, मग सगळ्या आळीतून. माणसं बाहेर आली आणि जिथल्या तिथे खिळली. कोणी पाणी आणलं, कोणी पंख्यासारखं ताट हलवू लागलं, कोणी नुसतंच रडू लागलं. टँकरवाला सहा फुटी गडी, तो पायरीखाली उकिडवा बसला आणि म्हातारीचे तळहात आपल्या हातांत धरून म्हणाला, "आई, आम्हाला वाटलं पोलीस आलेत."

"पोलीस?" आईने मान वळवून पाहिलं. "कुठे आहेत? त्यांना पाणी विचारलंत का?"

सुतार धावत आला तेव्हा हातात ड्रिल तसंच होतं. त्याने आईला उचललं. ती त्याच्या अपेक्षेपेक्षा फार हलकी लागली. घरी आणून खाटेवर ठेवलं, साखर-मिठाचं पाणी दिलं. अर्ध्या तासाने ती सावरली. वसाहतीतली नर्स येऊन नाडी बघून गेली, घाबरण्यासारखं नाही म्हणाली, पण आणखी तासभर गेला असता तर, एवढं बोलून तिने वाक्य सोडून दिलं.

आईने आज मुलाला ओळखलं. त्याची बाही ओढली.

"सगळी गेली का रे?"

"कोण सगळी?"

"ही सगळी. घरं बंद आहेत. मी बघून आले ना, एकही उघडं नाही." तिने आवाज खाली आणला, जणू घरातली नाजूक गोष्ट सांगतेय. "सगळी गेली, आणि आपण तेवढे मागे राहिलो. आपल्याला कोणी सांगितलं नाही का?"

"नाही गं. सगळी आहेत."

"वेडा आहेस," आई म्हणाली. "असती तर उघडलं नसतं?"

सुतार बाहेर पायरीवर येऊन बसला. बायको मागून आली. तिने त्याच्या केसांतला भुसा झटकला, तो झटकायची तिची सवय होती, आणि शेजारी बसली.

"बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"जे बोलायचं ते."

"तुमच्या आईला चव्वेचाळीस घरं होती," बायको म्हणाली. "तुम्ही दोन दिवसांत एकावर आणली."

"सभेत ठरलं."

"हात कोणाचा वर होता?"

"तुझाही होता."

"होता. मी कुठे नाही म्हणतेय?" तिने डोळे पुसले, मग त्याच पदराने त्याच्या कोपरावरचं खरचटलेलं पुसलं. "मला आपलं वाटत होतं, घर वाचवतोय. घराला काय करायचंय हो? चार भिंती नि गळकी न्हाणी. ती न्हाणी तुम्ही एकतीस वर्षांत दुरुस्त केली नाहीत."

"सुताराच्या घरी..."

"गवंडीकाम असतं ते. कारणं सांगू नका."

त्याला हसू आलं आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. तिने दुसरीकडे बघितलं, तेवढी सवड त्याला दिली.

बुधवारी सकाळी तो मास्तरांकडे गेला. पुढच्या आळीतलं पहिलंच घर, कुलूप अजून जुनंच. समितीच्या अध्यक्षाने आपलं दार मागे ठेवून आधी बाकीच्यांची घ्यायला सांगितली होती. सुतार किल्ली फिरवून आत गेला. मास्तर टेबलाशी बसले होते. भिंतीवर शाळेतून उतरवून आणलेला फळा होता आणि त्यावर उद्याची आखणी: कोण कोणत्या छपरावर, पाणी कुठे, लहान मुलं कुठे.

"बस. तुझं नाव आठ नंबरच्या छपरावर आहे."

"मास्तर, मी नाव द्यायला चाललोय. तंबूत."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर सुताराला सोपं गेलं असतं. "तू गेलास तर मागून आणखी दहा जातील. तू काही कोणी ऐरागैरा नाहीस. दरवाजे तुझ्या हातचे आहेत."

"म्हणूनच."

"कालचं झालं ते वाईटच झालं. पण ती चूक आहे. चूक सुधारता येते. तिला उद्या माझ्या घरात ठेव. माझी बायको तिच्या शेजारून हलणार नाही."

"उद्या ठेवीन. परवा?"

मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं; आखणी उद्यापुरतीच होती.

"मास्तर, मी राहत होतो ते तिला फिरता यावं म्हणून," सुतार म्हणाला. एवढं लांब वाक्य त्याने सभेत कधी उच्चारलं नव्हतं. "गेटवर पोलीस नसते तरी काल ती पायरीवरच बसली असती. ते दार पोलिसांनी लावलेलं नाही, मी लावलंय. आता ती वसतिगृहात तरी एका मजल्यावर असेल. चौदा घरं ओळखीची असतील. तुम्ही राहा. मी तुम्हाला चुकीचं म्हणत नाही."

"आम्हाला सोडून जातोस आणि चुकीचंही म्हणत नाहीस," मास्तर म्हणाले. "निदान भांडायचं तरी."

"भांडायला आलो होतो. येताना रस्त्यात विरलं."

मास्तर उठले, खिडकीपाशी गेले. खिडकीवर फळ्या होत्या, त्यामुळे ते फळ्यांकडेच बघत राहिले. "काल माझं दार दोनदा वाजलं," ते म्हणाले. "ती परत फिरून आली असणार, आणि किल्ली लावून बघायचंच तिने तोवर सोडलं असणार. मी आत होतो. कपाट लावत होतो. कपाट कललं, आतली बरणी पडून फुटली. मला वाटलं, पहिली धाड माझ्यावरच. बरणीचा आवाज ऐकून बाहेरून कोणीतरी म्हणालं, 'लागलं का रे बाळा?' मला ऐकू आलं होतं ते. स्पष्ट. मी स्वतःला सांगितलं, हा पोलिसांचा डाव आहे."

सुताराने मान खाली घातली. त्याला मास्तरांकडे बघवेना.

"हे मी समितीत सांगितलेलं नाही," मास्तर म्हणाले.

"सांगू नका. उपयोग काय?"

"आणि तरीही मी राहणार आहे. हे कळतंय ना तुला?"

"कळतंय."

मग सुताराने पिशवी खाली ठेवली, पाचर काढली आणि दाराखाली सरकवली.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचं कुलूप राहिलंय. शब्द दिलाय म्हटल्यावर बसवून जातो. ज्यांना नवं नको असेल त्यांना दुपारपर्यंत जुनं परत लावून देतो. सांगा सगळ्यांना."

"उतारू होऊन आमची कुलपं बसवतोस?"

"दार दोन्ही बाजूंनी धरावं लागतं, मास्तर. या, जरा असं घट्ट धरा. नाही, वरून. तुम्ही खडूसारखं धरलंय."

मास्तरांनी दार धरलं. दोघांनी मिळून ते काम केलं, आणि एरवी जितका लागला असता त्याच्या दुप्पट वेळ लागला, कारण मास्तर दर स्क्रूला सूचना देत होते. दुपारपर्यंत अकरा घरांनी जुनी कुलपं परत मागितली. बाकीच्यांनी नव्याच किल्ल्या ठेवून घेतल्या आणि सुताराकडे बघायचं टाळलं. टँकरवाल्याने ना जुनं मागितलं ना नवं ठेवलं; त्याने दारच बिजागऱ्यांवरून काढून मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. "आता या म्हणावं," तो म्हणाला. कोणाला उद्देशून, ते त्याने सांगितलं नाही.

साडेपाचला सुतार तंबूत गेला. टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई होती, उन्हाने नाक सोललेलं. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन तिचा चेहरा सपाट झाला होता.

"घर?"

"तेहतीस."

"माणसं?"

"तीन. दोन घरात, एक वसाहतभर."

तिने वर पाहिलं. त्याने सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मजल्याचा नकाशा उलटा करून त्याच्यापुढे सरकवला आणि पेनाने मधल्या खोलीवर टिंब काढलं. "ही देते. दोन्ही बाजूंना तुमचेच लोक आहेत. जिन्याला वरून फाटक आहे, त्यामुळे खाली उतरणार नाहीत. खोल्यांना आतून साध्या कड्या आहेत. उद्या सकाळी इथूनच बस सुटेल." ती थांबली. "आधी सांगते, तिथे जास्तीत जास्त आठ महिने. पुढचं मला माहीत नाही."

"तुम्ही खरं सांगितलंत," सुतार म्हणाला, "हे पहिल्यांदाच झालं."

परत येताना पुढच्या आळीतून तो गेला. कोणीतरी छपरावरून "उतारू!" म्हणून ओरडलं, आणि लगेच कोणीतरी त्याला दटावलं. मास्तर आपल्या पायरीवर उभे होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा, शाळेतल्या आवाजात ते म्हणाले, "उद्या तुझ्या आईला बसपर्यंत मी सोडणार आहे. घाई करू नकोस. ती चालेल तशी चालू दे."

"तुम्हाला छपरावर जायचंय ना?" सुताराने विचारलं.

"छप्पर बारा वाजता. बस आधी आहे."

घरी बायकोने तीन पिशव्या भरल्या होत्या आणि चौथीवर वाद चालू होता. आईने त्यातले कपडे दोनदा काढून, घड्या घालून, कपाटात परत ठेवले होते. बायको न चिडता तिसऱ्यांदा भरत होती.

"कुठे निघालो आपण?" आईने विचारलं.

"सगळे गेलेत ना," सुतार म्हणाला, "तिकडेच."

"मग बरं." आईने एक घडी मोडून पुन्हा नीट घातली. "मी तुला कालच म्हणाले होते."

बस सकाळी साडेआठला पाण्याच्या टाकीपाशी लागते. टाकी सुताराच्या घरापासून जवळ आहे, पण मास्तरांचा हात धरून आईला तिथवर जायला वीस मिनिटं लागतील. तिची रक्तदाबाची गोळी आठ वाजता असते, पोटात काहीतरी पडल्यावर. म्हणून उद्या या घरात चहा सव्वासातला होईल, रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी.